गोठ्यातली कॅफे रेसर

चिंताकीत कॅफे नाही. बसथांब्याजवळच्या हॉटेलात चहा, भजी आणि सकाळी लवकर गेलं तर सुशीला एवढं मिळतं, आणि तेवढ्यावर गावाचं भागतं. तरीही कर्नाटकातल्या औराद तालुक्यातल्या या आमच्या गावात यंदाच्या उन्हाळ्यात एक कॅफे रेसर तयार झाली, आणि तीही घरामागच्या गोठ्यात.

कल्पना पुतण्याची. तो पुण्यात कॉम्प्युटरवरची नोकरी करतो. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा पोरगा घरी बसून काम करील असं तिला वाटलं असावं. अक्षय्य तृतीयेला तो गावी आला, आमरसाचं जेवण करून उठला आणि थेट गोठ्यात शिरला. गोठा रिकामाच होता. देवणी बैलांची जोडी पोसणं परवडेना म्हणून विकली, तेव्हापासून तिथं थोडा कडबा, फवारणीचा पंप आणि आप्पांची येझदी एवढाच संसार. घरातली लहानथोर सगळी माझ्या वडलांना आप्पाच म्हणतात, नातवंडंसुद्धा.

येझदी ही म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गाडी. तिथं चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर १९६१पासून गाड्या निघायला लागल्या, रोडकिंग हे मॉडेल १९७८ला आलं आणि १९९६ला कारखान्यालाच टाळं लागलं. आप्पांनी आपली रोडकिंग १९८३ला तुरीच्या पैशात घेतली. सीमाप्रश्नात आप्पा पहिल्यापासून महाराष्ट्राच्या बाजूचे. त्यावर कुणी उलट बोललं तर जेवणाचं ताट बाजूला सारतील. पण येझदीचा विषय निघाला की क्षणात म्हैसूरचे होतात. “आपल्या राज्यातली गाडी हाय,” असं म्हणताना त्यांना कसलीच अडचण वाटत नाही. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे कसं, असं कुणी विचारलं तर “एक जायाला, एक यायला” हे उत्तर ठरलेलं. या गाडीचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. ही गोम ठाऊक नसलेला माणूस किक शोधत गाडीला प्रदक्षिणा घालत राहतो. गाडी इतक्या वर्षांत चोरीला गेली नाही ती याच कारणानं, असं आप्पांचं ठाम मत आहे. त्यांच्या चांगल्या चालचलणुकीनं नव्हे, हे ते स्वतःच सांगतात.

पुतण्यानं आम्हाला मोबाइलवर चित्रं दाखवली. लंडनमध्ये १९३८ला एस कॅफे नावाचं एक हॉटेल निघालं. लढाईनंतरच्या काळात तिथं मोटारसायकलवाली पोरं जमायची. गाडीचं वजन कमी करायचं म्हणून नको ते सगळं काढून टाकायची, हँडल खाली घ्यायची आणि टाकीवर पोट टेकून भरधाव सुटायची. ज्यूकबॉक्समध्ये गाण्याची तबकडी लावायची आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या जागेला वळसा घालून परत यायचं, अशी पैज लागे म्हणतात. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बसून गाणं कोण ऐकायचं?”

“नको ते सगळं काढून टाकायचं” हे वाक्य लंडनमध्ये सोपं असेल. आमच्या घरात नको ते म्हणजे कुणाला नको, इथूनच सुरुवात झाली. लेगगार्ड काढायचा म्हटल्यावर आप्पा उठून बसले. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला धरते आणि गाडी माणसासकट आडवी होते. अशा प्रत्येक वेळी आप्पांची नडगी त्या लोखंडी कमानीनं राखली होती. कॅरिअरवर थोरल्या भावानं कित्येक वर्षं दुधाच्या कॅन वाहिल्या, त्या दुधावर पुतण्याचं शिक्षण झालं. त्यामुळं कॅरिअरला हात लावायचा नैतिक अधिकार नेमका त्यालाच नव्हता. लांब सीटवर आप्पा, माय, मधे थोरला आणि टाकीवर मी, असे आम्ही हुमनाबादजवळच्या माणिकनगरला प्रभूंच्या दर्शनाला जायचो. आणि साडीगार्ड मायचा. त्यावर तर कायद्याचंही बोट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागं बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. मी हे वाचून दाखवल्यावर माय म्हणाली, “बघ, सरकारला बी कळतंय.” शेताच्या पहाणीत हिस्सेदारांची नावं असतात तशी त्या गाडीच्या एकेका भागावर घरातल्या एकेकाची नोंद होती, आणि पुतण्या नोटीस न देताच मोजणीला उतरला होता.

पोरगा मात्र हुशार. त्यानं वाद घातला नाही, फक्त जाहीर केलं की गाडीचा एकही तुकडा कापणार नाही, कुठं वेल्डिंग करणार नाही, जे काढीन ते जपून ठेवीन आणि जे लावीन ते नटबोल्टवर लावीन. पुन्हा जुनी गाडी हवी तर अर्ध्या दिवसात जुनी. यात आमच्या समाधानाइतकंच आरटीओचंही भय होतं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीहून आरसी बुकातली गाडी वेगळी दिसता कामा नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायला बीदरला न्यावी लागते, आणि तिथला साहेब कॅफे रेसरचा शौकीन निघेल याची हमी कोण देणार? आता खेड्यात फिरणाऱ्या दुचाक्यांवर पाण्याच्या टाक्या, शेळ्या, विळे-खुरपी आणि अख्खी वरात असते, तिला हे कलम कुठं लावायचं हा प्रश्न मी पुतण्याला विचारला. तो म्हणाला, “काका, ते कस्टमायझेशन नाही, ते लोडिंग आहे.”

गाडी खोलली गेली. नटबोल्ट वहिनींच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत गेले आणि बरण्यांवर चिठ्ठ्या लागल्या. इंजिनासाठी औरादहून उस्ताद आले. उस्तादांनी आधी गाडी बघितली, मग पोराकडं बघितलं. “कायकू खोले मियां? चलती थी ना!” गाडी चालू होती हे खरंच होतं. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून पुतण्यानं चहा मागवला. पुढं जुळणी झाल्यावर उस्तादांनी इंजिन ज्या तऱ्हेनं ऐकलं ते बघण्यासारखं होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरला टेकवलं, मूठ कानाच्या भोकाशी धरली आणि डोळे मिटले. टोक हळूहळू खाली क्रँककेसपर्यंत सरकत गेलं. एका जागी थांबले, भुवई उचलली, “यहाँ कुछ बोलरा” म्हणाले आणि कव्हर पुन्हा उघडलं. आत एक वायसर उलटा बसला होता. बीदरमधल्या कुठल्याही डॉक्टरनं माझी छाती इतक्या निवांतपणे ऐकलेली नाही.

सायलेन्सरचं काम आमच्या सगळ्यांच्या आवाक्यातलं होतं. टू स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ते पुरतं जळत नाही आणि त्याचं काजळ सायलेन्सरच्या आतल्या नळीवर साचत जातं. भोकं बुजतात, धूर आत कोंडतो आणि गाडी चढाला रडायला लागते. उपाय जुनाच आहे, नळी ओढून काढायची आणि जाळात घालायची. त्यासाठी गोवऱ्या लागल्या, आणि बैल विकलेल्या घरावर शेजाऱ्याकडून गोवऱ्या उसन्या आणायची पाळी आली. नळ्या आरावर ठेवल्या तेव्हा आधी त्यातून काळं तेल पाझरलं, मग निळसर ज्वाळा भोकाभोकातून बाहेर डोकवायला लागल्या. वास असा सुटला की गल्लीतली माणसं कुठली डीपी जळाली का म्हणून विचारत आली. निवल्यावर नळी दगडावर आपटली तर काजळाचे पापुद्रे सुटून पडले आणि खालचं लोखंड कितीतरी वर्षांनी उघडं झालं. आप्पांनी ती डोळ्याला लावून उजेडाकडं धरली आणि पलीकडं उभ्या असलेल्या मायला बघितलं. मायनं पदर सावरला.

टाकीच्या आतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर जुने नट घातले आणि टाकी मांडीवर घेऊन खळखळ हलवत बसायचं काम मला मिळालं. “आमटी करायलास का रे?” मायनं विचारलं. बाहेरून पॉलिश पेपर मारताना वरचा हिरवा निघाला. तो वहिनींच्या लग्नातला. त्याखालचा निळा थोरल्याच्या दुधाच्या दिवसांतला, आणि सगळ्यांत खाली कंपनीचा किरमिजी. तिन्ही रंग आपापल्या घरच्या माणसांसह हजर झाल्यावर चौथा कोणता द्यायचा यावर मतदान घ्यावं लागलं असतं, पण पुतण्यानं बिदरीचं नाव काढलं आणि सगळे गप्प झाले.

बिदरीची भांडी जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात. वर नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लागलं की धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र जशीच्या तशी पांढरी राहते. तशी टाकी हवी, असं पोराच्या डोक्यात. बीदरला जाऊन एका कारागिराला विचारलं. त्यानं टाकीवर बोटानं टकटक केलं आणि हसला, “जस्ते पे चढती जी ये मिट्टी, लोहे पे नक्को.” मग औरादचा बोर्ड रंगवणारा पेंटर बोलावला. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, लग्नाच्या भिंती मराठीत आणि निवडणुकीत सगळ्या पक्षांचं काम करणारा हा माणूस. त्यानं टाकी काळी केली आणि बारीक कुंचल्यानं रुपेरी वेल काढत गेला. उकाड्यात घाम टाकीवर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधला होता. वेल संपल्यावर सवयीनं त्यानं खाली आपलं नाव आणि फोन नंबर टाकायला घेतला, तो कसाबसा थांबवला.

सुट्या भागांची गोष्ट वेगळीच. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. येझदीनं ही फाळणी मानली नाही. केबल उदगीरला मिळाल्या, कार्बोरेटर सिकंदराबादच्या राणीगंजातून आला, क्लचप्लेटा बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरून, आणि गोल हेडलाइट पुण्याच्या नाना पेठेतून. सीमाप्रश्नात महाजन आयोगाला जे जमलं नाही ते गोठ्यात एका फ्रेमवर जमत होतं, असं मी आप्पांना म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

मधे एकदा पुतण्या खचला. इंजिन चालू होईना. त्या रात्री मी जेवताना न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोची गोष्ट सांगितली. इन्व्हरकार्गिलच्या या माणसानं १९२०ला इंडियन कंपनीची एक मोटारसायकल घेतली. ती तेव्हा ताशी नव्वदच्या आसपास जायची. पुढं आयुष्यभर तो घरामागच्या शेडमध्ये ती बदलत राहिला, पिस्टन स्वतः ओतले, कनेक्टिंग रॉड हातानं घडवले, आणि तुटलेले भाग वेगदेवतेला अर्पण म्हणून फळीवर मांडून ठेवले. १९६७ला अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर त्या गाडीनं ताशी २९५ किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि हजार सीसीच्या आतला विक्रम केला. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता.

“त्याची बायको काय म्हणायची?” मायनं विचारलं.

ती त्याच्यापासून वेगळी झाली होती, मी म्हटलं.

“मग बराबर,” माय म्हणाली आणि पुतण्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्याचं लग्न ठरवायचं चाललं आहे.

इंजिन शेवटी उस्तादांनीच चालू केलं, कंडेन्सर बदलून. गाडी उभी राहिली ती खरोखर देखणी. हँडल खाली, सीट एकाची, आणि सीटच्या मागं फायबरचा फुगवटा. त्याला पाहताक्षणी माय वशिंड म्हणाली आणि ते नाव पक्कं झालं. काढलेला लेगगार्ड परसात दोडक्याच्या वेलाला लागला. साडीगार्डवर वहिनी स्वयंपाकघरात पळ्या अडकवतात. कॅरिअर थोरल्यानं कुलुपात ठेवलं.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जगभरचे शौकीन जावा दिवस साजरा करतात, पुण्यातही गाड्या जमतात. पुतण्याला तिथं ही न्यायची होती. पण मृग यंदा वेळेवर बरसला. कंपनीनंही त्याला ऑफिसात हजर व्हायला सांगितलं. गाडी मागून ट्रकमध्ये चढवून पाठवा असं बजावून तो बसनं गेला, आणि इकडं मूग-उडदाच्या पेरणीची घाई सुरू झाली.

परवा त्याचा फोन आला. “काका, येझदी पाठवली का?”

“आप्पा औरादला घेऊन गेलेत. डीएपी आणायला.”

“पोतं कुठं ठेवणार? मागं कुबड आहे ना!”

“वशिंड काढून ठेवलंय त्यांनी. नटबोल्टवरच होतं की. त्या जागी पोतं बसवून बैलाच्या कासऱ्यानं आवळलं, घट्ट बसलं.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग, “काका, ती सिंगल सीट आहे! आप्पांना सांगा ना.”

“सांगितलं मी. ते म्हणाले, पोरानं लई डोकं लावलंय. आता मागं बसतो म्हणून कुणी नडत न्हाई, पोत्याला पुरी जागा मिळायली.”