दरवळकर

बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये पत्ता सांगायला फ्लायओव्हर, तळं आणि एस्टीम मॉल एवढ्या खुणा पुरतात. आमच्या इमारतीत आणखी एक आहे, फक्त ती दिसत नाही. सकाळी लिफ्टचं दार उघडलं की दरवळकर खाली गेले हे कळतं, आणि किती वेळापूर्वी गेले तेही कळतं. संत्र्याच्या सालीसारखं काही नाकाला झोंबलं, तर स्वारी अजून पार्किंगमध्ये सापडेल. गुलाब आणि लवंग आली, तर गाडी फाटकाबाहेर पडली. आणि नुसतं ऊद-चंदन रेंगाळत असेल, तर ते फ्लायओव्हरवर अडकलेले असतात आणि शेजारी बसलेल्या माणसाला सुगंधाचं शास्त्र समजावत असतात. तो शेजारी बसलेला माणूस आठवड्यातून तीन दिवस मी असतो.

दरवळकर हे आडनाव नव्हे, बिरुद आहे. सोसायटीच्या गणपतीत आरतीला कापूर पेटला, धूप पेटला, दोन पुडे उदबत्त्या पेटल्या, आणि तरीही मंडपातल्या प्रत्येकाला वास आला तो एकाच माणसाचा. त्या संध्याकाळी कुणीतरी हे नाव ठेवलं. ठेवलं होतं चिडवायला. त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. आता व्हॉट्सॲपवरही तेच लावतात.

माणूस मूळचा मिरजेचा. पन्नाशीच्या अलीकडचा, मान्यता टेक पार्कमध्ये नोकरीला, बाकी सगळ्या बाबतीत अत्यंत काटकसरी. चपला झिजेपर्यंत वापरतात. पण वासाच्या बाबतीत एकावर थांबणं त्यांना भिकेचं लक्षण वाटतं.

त्यांची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. कपाटात वाळ्याची जुडी असते, आणि शर्ट धुताना शेवटच्या पाण्यात लॅव्हेंडरचं कंडिशनर पडलेलं असतं. सकाळी म्हैसूर सँडल साबण. त्यावर शॉवर जेल, कारण ‘साबण स्वच्छतेला, जेल वासाला’. मग व्हॅनिलाचं लोशन, कारण कोरड्या कातडीवरून वास लवकर उडतो, ओशट कातडी त्याला धरून ठेवते. (हे खरं आहे. दरवळकरांची पंचाईत हीच, की त्यांचं प्रत्येक सुटं विधान खरं असतं.) मग रोल-ऑन, त्यावर डिओ, त्यावर पावडर. दाढीला देवदाराचं तेल. केसांना ब्राह्मी-आवळा, कारण आईची शपथ. आणि वरून हिरव्या सफरचंदाच्या वासाचं वॅक्स, कारण ब्राह्मी-आवळ्याचा वास ऑफिसात नको. आफ्टरशेव्ह. मग परफ्यूम दोन, आधी लिंबूवर्गीय, मग ऊद. रुमालाला कोलन. आणि सगळ्यात शेवटी, देवाला फूल वाहावं तसा, कानाच्या पाळीत हिन्याचा फाया.

‘‘यांची आंघोळ सात मिनिटांची,’’ वहिनी सांगतात, ‘‘आणि आंघोळीनंतरची पाऊण तासाची.’’

फाया ही आजोबांची देणगी. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी तिथे गाणं होतं. आजोबा गाणं ऐकायला जात आणि येताना अत्तराची एक कुपी आणत. एक. ती वर्षभर पुरे. फाया लग्नकार्याला, दिवाळीला, नाहीतर पाहुणा मोठा असेल तर. नातवाने आजोबांचा शौक उचलला, कुपीचा आकार मात्र त्याच्या लक्षात राहिला नाही.

त्यांच्यापाशी इतिहासही भरपूर आहे, आणि तो सिग्नलला सुटतो. पहिल्या महायुद्धात चंदनाची लाकडं परदेशी जायची थांबली, म्हैसूर संस्थानात ढीग पडून राहिले. विश्वेश्वरय्या दिवाण असताना 1916 साली तेल काढण्याचा कारखाना निघाला आणि त्या तेलातून पुढे साबण आला. हे ते अशा आवाजात सांगतात, जणू ते ढीग त्यांनी स्वतः हलवले आहेत. ‘‘लाकडं विकली गेली असती तर आज आपण काय लावलं असतं, सांग मला?’’ मी मनात मोजतो. बाकीच्या डझनभर गोष्टी होत्याच की.

मग सोमेश्वर येतो. कल्याणीचा चालुक्य राजा, तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात स्नानभोग आहे, विलेपनभोग आहे, राजाने अंगाला काय लावावं याची बैजवार चर्चा आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, म्हणजे मराठी आणि कन्नड दोघांनाही आपला म्हणता येईल असा राजा. ऑफिसातल्या कन्नड सहकाऱ्यांनी खिडकी उघडली की दरवळकर हा सोमेश्वर पुढे करतात. खिडकी काही बंद होत नाही. राजाचं स्नान आणि विलेपन राजवाड्यात व्हायचं, चाळीस माणसांच्या एसी हॉलमध्ये नव्हे, हा मुद्दा ते गौण मानतात.

मराठीचाही मान त्यांनी राखला आहे. ‘गंधवाद’ नावाचा सुगंधशास्त्रावरचा एक संस्कृत ग्रंथ आहे आणि त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी या ग्रंथावर लिहिलं होतं. ‘‘बघ, आपले लोक वासावर टीका लिहीत होते,’’ दरवळकर म्हणतात. वासावर टीका वहिनीही करतात, पण ती त्यांनी संग्रही ठेवलेली नाही.

त्यांचा मुख्य आधार मात्र वराहमिहिर. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ती हा अख्खा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 गट होतात, आणि प्रमाणं व क्रम बदलत गेलं तर प्रत्येक गटाचे 96 प्रकार, म्हणजे एकूण 1,74,720 गंध, असा हिशेब तिथे मांडलेला आहे. ज्योतिषी माणूस, आकड्याला घाबरला नाही. मी मोबाइलवर भागाकार केला: रोज एक म्हटलं तर 478 वर्षं लागतील. तेव्हा मला उलगडलं की दरवळकर एका दिवसात डझनभर का उरकतात.

आता प्रवासाविषयी. परफ्यूमचे तीन टप्पे मानतात. आधी उडणारा हलका वास, मग मधला, आणि शेवटी तळाला बसणारा जड. दरवळकर मिरजेचे असल्यामुळे ते याला तार, मध्य आणि खर्ज म्हणतात. आम्ही राहतो फ्लायओव्हरच्या दक्षिणेला. अंतर म्हणाल तर थोडंसं, वेळ म्हणाल तर नशीब. पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तार सप्तक संपतं. फ्लायओव्हरच्या चढावर मेट्रोच्या कामाशी गाडी थबकते तेव्हा मध्य सुरू होतो, आणि तो संपतच नाही. केंपापुराला गुलाब, लवंग, व्हॅनिला आणि सफरचंद एकमेकांना ढकलत पुढे येतात. वीरण्णपाळ्याशी खर्ज लागतो. काचा बंद, एसी आतल्या आत फिरवणारा, आरशाला टांगलेली मोगऱ्याची डबी. बाहेर डिझेलचा धूर सोडणारी बस दिसली की मला हेवा वाटतो.

‘‘खाली मान घालून का बसलास?’’ ते विचारतात. ‘‘मैफल ऐक.’’

पण मैफलीचंच घ्यायचं तर गोची तिथेच आहे. मिसळणं काही वाईट नव्हे. अत्तराचा जन्मच मिसळण्यातून होतो. कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. एक फूल, एक तेल, आणि विस्तवाकडे डोळे लावून बसलेला एक माणूस. दरवळकरांच्या फळीवरची प्रत्येक बाटली मात्र कुणीतरी आधीच बेतून, जुळवून, पूर्ण करून पाठवलेली असते. साबणाला त्याचा स्वतःचा खर्ज आहे, पावडरीला तिचा, डिओला त्याचा. हे म्हणजे दहा गवई एकाच बैठकीत, दहा रागांत, आणि कुणीही समेवर थांबायला तयार नाही. साथीला हिरवं सफरचंद.

हे सगळं त्यांना कळत नाही असं नाही. त्यांना ते येत नाही. वास, म्हणजे. तोच वास सारखा येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. सगळ्यांचंच असं होतं. पाऊण तास खपून दरवळकर स्वतःला सजवतात आणि दारात चप्पल घालेपर्यंत त्यांचं नाक कोरं झालेलं असतं. आमच्या इमारतीत दरवळकरांचा वास न येणारा माणूस एकच, ते स्वतः. म्हणून मग जाता जाता आणखी एक फवारा. म्हणून गाडीत बसल्याबसल्या तो ठरलेला प्रश्न: ‘‘येतोय ना रे?’’

हा प्रश्न ते जरा हळू आवाजात विचारतात. वराहमिहिर सांगतानाचा आवाज तिथे नसतो. मी ‘येतोय’ म्हणतो. दुसरं काही म्हणायला श्वास लागतो.

नाक ताजं करायला दुकानात कॉफीचे दाणे हुंगायला देतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं. तेव्हापासून गाडीच्या कप्प्यात बरणी असते, वहिनींच्या फिल्टर कॉफीच्या पुडीतून भरलेली. अमेरिकेत 2011 साली हे तपासून पाहिलं होतं, आणि कॉफी हुंगण्याने साध्या हवेपेक्षा जास्त काही साधत नाही असं दिसलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. ‘‘त्यांच्या कॉफीत चिकोरी नसणार.’’

लॉकडाउनमध्ये वाटलं होतं, आता तरी बाटल्यांना विसावा मिळेल. मीटिंगा स्क्रीनवर, स्क्रीनला नाक नाही. दरवळकर रोज सगळे थर लावून लॅपटॉपसमोर बसत. वहिनी त्या काळाबद्दल फार बोलत नाहीत.

यंदा मात्र वहिनींची अर्धशिशी वाढली आणि त्यांनी निक्षून सांगितलं, ‘‘अहो, एक रविवार. काही म्हणजे काही लावायचं नाही. पाणी आणि बिनवासाचा साबण. मला बघायचंय घरात आणखी कोण राहतं ते.’’

दरवळकर मोठ्या मनाने कबूल झाले. सकाळी नुसती आंघोळ करून, कोरा शर्ट घालून इडल्या आणायला उतरले. खाली करिया झोपलेला. हा आमच्या गल्लीतला काळा कुत्रा. कित्येक वर्षं दरवळकरांकडून रोज बिस्किट खातो, त्यांची गाडी कोपऱ्यावर असतानाच शेपूट हलवायला लागतो. त्या दिवशी त्याने एक डोळा उघडला, नाक वर केलं, आणि असा काही भुंकत सुटला की वॉचमन काठी घेऊन धावत आला. दरवळकर ‘‘अरे मी, मी!’’ म्हणत जिन्याच्या चौथ्या पायरीवर चढून उभे. करियाला चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

इडल्या मी आणल्या. वर दिल्या तेव्हा गृहस्थ सोफ्यावर बसलेले होते, पडलेल्या चेहऱ्याने.

‘‘मला एक सांग,’’ ते वहिनींना म्हणाले, ‘‘आत्ता माझा काही वास येतोय का?’’

वहिनी जवळ गेल्या, खांद्यापाशी वाकल्या. ‘‘येतोय की. लग्न झालं तेव्हा यायचा, तोच.’’

दरवळकर एकदम ताठ बसले. ‘‘म्हणजे कसा? नीट सांग. आधी काय लागतं? खर्जात काय आहे?’’

‘‘घाम,’’ वहिनी म्हणाल्या आणि चटणी वाटायला आत गेल्या.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये सगळं पूर्ववत होतं. करियाही फाटकाशी शेपूट हलवत उभा. गाडी पशुवैद्यकीय महाविद्यालय ओलांडून चढाला लागली, थांबली, आणि दरवळकर माझ्याकडे वळले.

‘‘काल ही म्हणाली ते मी रात्रभर घोळवलं. माझ्या बांधणीत खारट असं काहीच नाहीये. समुद्राच्या वासाची एक बाटली मिळते. मागवलीय. गुरुवारी येईल.’’