देवगिरीचा दादला

देवगिरीचा किल्ला लढाईत पडला नाही, किराण्यात पडला, असं आमच्याकडे सांगतात. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईने गडावर पोती चढवली. वेढा बसला, पोती उघडली, तर धान्याच्या जागी मीठ. यात खरं किती आणि आख्यायिका किती, याचा खल इतिहासकारांनी खुशाल करावा. बायकांचा निकाल केव्हाच लागलेला आहे : सामान भरायला पुरुष पाठवले होते ना?

यावर आपल्या बाजूने काही बोलावं, तर पुढचा पुरावा हजर. महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास या गृहस्थाने दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांनी सगळा लवाजमा परत दिल्लीला नेला. घरात कुणाला न विचारता बदली मागून घेणारा, सगळ्यांना बोचकी बांधायला लावणारा आणि अंगाशी आलं की ‘चला परत’ म्हणणारा कर्ता पुरुष घरोघरी असतो. फरक एवढाच, की घरच्याला इतिहासात जागा मिळत नाही. तेव्हा पुरुषांची बदनामी टीव्हीवाल्यांनी सुरू केली, हा आरोप निदान दौलताबादेत तरी टिकणार नाही.

पण बदनामी होते, हे खरंच. सीताफळाच्या दिवसांत किल्ल्याच्या रस्त्याला टोपल्या मांडून बसलेल्या मावश्यांकडे जाऊन पाहा. चांगला बँकेत अधिकारी असलेला माणूस एक फळ उचलून त्याच्या डोळ्यांमधल्या रेषा निरखल्यासारखं करतो. मावशी त्याच्या हातातून ते अलगद काढून घेते. ‘राहू द्या भाऊ, तुम्हाला नाही कळायचं. ताईला दावा.’ आणि ताई, जिने आयुष्यात सीताफळाचं झाड पाहिलेलं नाही, ती दोन बोटांनी दाबून ‘हं’ म्हणते. व्यवहार पूर्ण. भाऊंकडे पिशवी आणि पैसे, एवढीच खाती उरतात.

तीच गत पुढे. हॉटेलात ‘फॅमिली’ची पाटी लावलेल्या बाजूला एकटा पुरुष वळला, की वेटर असा आडवा येतो जणू खिलजीची फौज आली. शहरात खोली भाड्याने मागावी, तर मालकाचा पहिला प्रश्न, ‘बॅचलर का?’ आणि दुसरा प्रश्न नसतोच. एसटीत २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट, योजनेचं नावच महिला सन्मान. पुरुषालाही सन्मान आहे, नाही असं नाही. पासष्टीला अर्धा आणि पंचाहत्तरीला पूर्ण. तोवर पूर्ण पैसे मोजून अपमान सोसायचा. २०२५ मध्ये चौदा हजारांवर पुरुषांनी बायकांसाठीच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे घेतल्याची बातमी आली, तेव्हा सगळे त्यांना लबाड म्हणाले. एवढे बाप्ये बहीण व्हायला का निघाले, याची चौकशी करावी असं कुणालाच वाटलं नाही.

टीव्हीचं म्हणाल, तर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. तेवढा काळ अख्खा महाराष्ट्र रोज रात्री त्यातल्या नवऱ्याला, गुरुनाथला, शिव्या घालून शांत झोपत होता. मालिकेतला पुरुष एक तर बाहेरख्याली असतो, नाही तर आईच्या पदराआड. मधला एक सोफ्यावर बसलेला बाप असतो. त्याच्या हातात पेपर दिलेला असतो, आणि मालिकेची पाच वर्षं सरली तरी त्या पेपरचं पान उलटत नाही. जाहिरातीतल्या बापाची अवस्था आणखी वाईट. त्याला दूध तापवायला ठेवलं की ते उतू गेलंच पाहिजे, नाही तर ओटा पुसायचं औषध कसं खपणार?

आता हे सगळं हल्लीचं, पाश्चात्त्य, बायकांना शिकवल्यामुळे झालेलं आहे असं समजणाऱ्यांनी किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या स्थानापाशी घटकाभर बसावं. स्वामी इथले किल्लेदार, आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडे शिकायला राहिलेले. त्या नाथांनी सोळाव्या शतकात दादला नको म्हणणाऱ्या बाईचं भारूड रचलं. घराला धड छप्पर नाही, अंगावर धड लुगडं नाही, आणि असला नवरा घेऊन करू काय, असं ती चारचौघांत विचारते. अर्थ आध्यात्मिक आहे. कीर्तनकार तो समजावून सांगतात, आणि सांगेपर्यंत समोरच्या बायका पदरात तोंड लपवून हसून घेतात. एका जनार्दनी अशी सही असलेली ही तक्रार इतकी जुनी आहे, की तिच्यापुढे कालची मालिका म्हणजे तान्हं बाळ.

आणि ती रचली एका पुरुषाने. इथेच आमच्या बाजूच्या वकिलाची पंचाईत होते. बायकोपुढे भिजलेलं मांजर झालेल्या नवऱ्याचे विनोद सकाळी सहाला फोनवर पाठवतं कोण? काका, मामा, निवृत्त मुख्याध्यापक. ‘आपल्याला घरातलं काही कळत नाही बुवा’ हे वाक्य चहाच्या टपरीवर लाजत म्हणणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. ते छाती काढूनच म्हटलं जातं. किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी वाट, शत्रूने चाचपडावं म्हणून खोदली. आमचा माणूस स्वयंपाकघरातल्या डब्यांपुढे स्वतःच अंधारी तयार करतो आणि तिच्यात चाचपडतो. ‘अगं, हळद कुठाय?’ पहिल्यांदा विचारलं, सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, दाखवली. तिसऱ्यांदा विचारलं, ‘व्हा बाजूला’. गड अभेद्य झाला. पुन्हा त्याला त्या मोहिमेवर कुणी पाठवत नाही. हाच माणूस मोटारसायकलचं इंजिन उघडून बारीक स्क्रूसुद्धा हरवत नाही, आणि गावजेवणाला हजार माणसांचं वरण रटरटवतो. तिथे हळद बरोबर सापडते.

मात्र या गडाचा कर भरावा लागतो, आणि तो जबर असतो. कर्ता म्हणवून घेतलं की कमावलंच पाहिजे. मराठवाड्यात शेती करणाऱ्या पोराला मुलगी देत नाहीत, मग त्याच्या नावावर विहीर असो, ट्रॅक्टर असो. मुलीचा बाप स्वतः शेतकरी असतो, म्हणूनच देत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून लग्नाळू तरुण जिल्हाधिकारी कचेरीवर गेले आणि सरकारकडे नवरी मागितली. सगळे हसले. वरात आहे, नवरदेव आहे, फक्त नवरी निवेदनात. त्याच वर्षी देशात आत्महत्या केलेल्या दर दहा माणसांत सात पुरुष होते. त्यातल्या किती जणांनी आधी कुणाजवळ तोंड उघडलं असेल? ‘बायकांसारखा रडतो काय’ हे त्यांना लहानपणी मालिकेने शिकवलं नव्हतं.

या गप्प बसण्यावर मोर्चा निघाला नाही. निघालं ते वेगळंच. दौलताबादेहून फार लांब नाही, अशा करोडी शिवारात २०१६ साली पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम निघाला. मुहूर्त १९ नोव्हेंबर, जागतिक पुरुष दिन. प्रवेशाचा नियम असा गाजला, की बायकोने नवऱ्यावर किमान वीस खटले भरलेले हवेत. आमच्याकडे इंजिनिअरिंगला प्रवेश यापेक्षा सोपा आहे. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ही मंडळी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात आणि मागणं मागतात : सात जन्म जाऊ द्या, पुढच्या एका जन्मीसुद्धा ही नको.

देवगिरीच्या पंचक्रोशीत हे व्हावं यात मला मोठं औचित्य दिसतं. रामदेवरायाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ केला. त्याच्या व्रतखंडात व्रतांचा ढीग आहे. नवरा, मुलं, धनधान्य, ज्याला जे हवं ते मिळवायची सोय. बायको टाळायचं व्रत तेवढं राहून गेलं होतं. सातशे वर्षांनी ते काम याच परिसरात तडीस गेलं.

व्रत नवं आहे, त्यामुळे थोडे कच्चे दुवे आहेत. आराध्य म्हणून या मंडळींनी कावळा निवडला. कारण म्हणे, मादी अंडी घालून उडून जाते आणि पिल्लं नर वाढवतो. पक्षीशास्त्र असं सांगत नाही. अंडी मुख्यतः मादीच उबवते, नर तिला घास आणून देतो. म्हणजे पाहायला गेलं तर आदर्श संसार. अंडी टाकून जाते ती कोकिळा, आणि तिची पिल्लं वाढवताना कावळा आणि कावळीण दोघंही सारखेच फसतात. पिंपळाचं तर विचारूच नका. त्यावर मुंजा राहतो. बिचाऱ्याची सोडमुंज झाली नाही, बोहल्यावर तो कधी चढला नाही, आणि त्याच्याकडे नेऊन सांगायची संसाराची गाऱ्हाणी!

थट्टा बाजूला ठेवली तर त्या पिंपळाखाली काही खरे होरपळलेले लोक असतील, हे मला मान्य आहे. बायकोच्या छळाचं ४९८ अ कलम लावलं म्हणून आपोआप अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये पोलिसांना उगाच सांगावं लागलं नाही. आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या शंभरांतल्या सुमारे २९ बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं, तेही उगाच नाही. त्यांनी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी वडाला दोरा गुंडाळायला गेल्या.

माझी काळजी यमाच्या कचेरीची आहे. चतुर्दशीला नवऱ्यांचा अर्ज आवक होतो, ‘ही नको’. पौर्णिमेला त्याच घरचा दुसरा अर्ज, ‘हाच हवा’. चित्रगुप्त नियमाने वागणारा. आधी आलेला अर्ज आधी, असा शेरा मारून तो फाईल वर पाठवतो. साहेबांनी एकदा सावित्रीशी वाद घातलेला आहे आणि नेलेला माणूस परत आणून दिलेला आहे. ते दोन्ही अर्ज वाचतात, चष्मा काढतात, रेड्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘दोन दिवस राहू द्या. घरी विचारून सांगतो.’