बूझ मोजणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त उलानबाटरला राहायला गेलेल्या परदेशी माणसाची त्सागान सार या सणाबद्दल एक ठरलेली तक्रार असते: फार खायला घालतात. तक्रार खोटी नाही. चांद्र वर्षाचा पहिला दिवस फेब्रुवारीच्या आसपास येतो. त्या दिवशी कुठल्याही मंगोल घरात पाऊल टाकावं तर टेबलावर मेंढीची सबंध पाठ शेपटासकट मांडलेली असते, शेजारी तळलेल्या लांबट पावांची चळत असते, आणि मग खिमा भरून वाफवलेल्या बूझची ताटं येऊ लागतात. ती थांबत नाहीत. हे बूझ घरोघरी शेकड्यांनी, मोठ्या गोतावळ्यात हजारांनी वळून ठेवतात आणि गोठवायला गच्चीवर नाहीतर अंगणात टाकतात. तिथल्या थंडीत फ्रीजचं काम हवाच करते, तेही वीजबिलाशिवाय. एका घरातून उठावं तर पुढच्या घरी पाणी उकळत असतंच. तिसऱ्या घरापर्यंत परदेशी माणूस या सगळ्याला अतिरेक म्हणू लागतो. माझं म्हणणं आहे की हा अतिरेक नव्हे, हिशेब आहे. पाहुणा ज्याला मेजवानी समजतो, ती खरं म्हणजे थंडीनंतरची हजेरी असते.

मंगोलियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट, आणि माणसं साधारण 35 लाख. सगळा देश पुणे महानगरात सहज मावेल. पार्किंगचं तेवढं बघावं लागेल. गवताळ प्रदेशातली पशुपालक कुटुंबं हिवाळाभर आपापल्या आडोशाला जनावरं घेऊन असतात, एकमेकांपासून मैलोगणती दूर. त्यात झूद आला, म्हणजे बर्फाखाली चारा गाडला गेला, की कळपच्या कळप उभ्याउभ्या संपतात. 2009-10च्या झूदमध्ये 80 लाखांहून जास्त जनावरं गेली. जनावरांच्या अंगात काही उरलेलं नसतं असे खरे धोक्याचे आठवडे वसंताच्या तोंडावर येतात, आणि सण नेमका तिथेच बसवलेला आहे. अशा वेळी गच्च भरलेलं टेबल म्हणजे ‘आम्ही अजून आहोत’ हे सांगण्याची रीत. मेंढीच्या शेपटाची चरबी जितकी जाड तितकी घराची पत मोठी. आपल्या डॉक्टरांना जे कोलेस्टेरॉल दिसतं, ते तिथे बँकेतली शिल्लक आहे. भेटीतली विचारपूससुद्धा शिंगरांच्या मानेवर चरबी आहे का, कळप धडधाकट बाहेर पडला का, अशीच चालते. आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रह हा प्रेमाचा आणि थोडा प्रतिष्ठेचा मामला असतो. नको म्हटलं तर यजमान रुसतो, इतकंच. इथे बूझ नाकारणारा पाहुणा नकळत यजमानाच्या हिवाळ्यावर शंका घेतो.

हजेरी म्हटली की क्रम आला, आणि तो वयाचा. धाकट्याने थोरल्याच्या कोपरांखाली हात धरून आधार देत अभिवादन करायचं, त्यामुळे कोण मोठं हे आधी ठरवावं लागतं. केसांना कलप लावणाऱ्यांची इथे भारी पंचाईत होते. नवराबायको मात्र एकमेकांना असं भेटत नाहीत. त्यांचा ज्येष्ठतेचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. पावांच्या चळतीचे थर तीन, पाच किंवा सात, घरातल्या वडीलधारेपणानुसार, पण नेहमी विषम. कारण थर सुख, दुःख असे आलटून पालटून मोजतात आणि सुरुवात व शेवट सुखानेच व्हावा लागतो. हिशेबनीस इतका आशावादी दुसरीकडे मिळणार नाही. जुलैमधल्या नादाम या खेळांच्या सणातही हीच वृत्ती दिसते. कुस्तीत वजनाचे गट नसतात, किरकोळ माणसासमोर डोंगर उभा राहतो. आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत सर्वांत शेवटी आलेल्या शिंगराचंही गाणं म्हणून कौतुक करतात. मोजणीतून कुणाला वगळायचं नाही, हरलेल्यालाही नाही.

यावर कुणी म्हणेल, निम्मा देश आता राजधानीत राहतो, सुपरमार्केटमधून दूध आणतो, त्याला कळपाची हजेरी कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण समाजवादी राजवटीनेही नेमकं हेच गृहीत धरलं होतं. त्यांनी हा सण जुनाट ठरवला आणि त्याला सहकारी पशुपालकांच्या दिवसाचं रूप देऊन शहरांपासून दूर ठेवू पाहिलं. 1990नंतर तो शहरात परतला, तो अपार्टमेंटच्या सातव्या मजल्यावर मेंढीच्या पाठीसकट. लिफ्ट बंद असली तरी. शहराच्या कडेला गेर म्हणजे गोल तंबूंच्या वस्त्यांमध्ये झूदने कळप गमावलेली कितीतरी कुटुंबं आहेत. हजेरीची गरज कळप संपला म्हणून संपत नाही, उलट तेव्हाच तिला धार येते.

दुसरा आक्षेप मला खोडता येत नाही. इथे भेटवस्तू यजमान पाहुण्याला देतो, म्हणजे पैशाचा ओघ उलटा. त्यामुळे सणासाठी पेन्शनवर कर्ज काढणारे आजी-आजोबा आहेत. हिशेबाच्या सणाने हिशेबच बिघडवावा, हे कुठल्याही तर्काने सावरता येत नाही. मी सावरतही नाही.

राहिला शाकाहारी मराठी माणूस, ज्याचा आक्षेप तात्त्विक नसून पोटाचा असतो. त्याने सण टाळू नये. पहिला घास रीतीप्रमाणे पांढऱ्या खाण्याचाच घ्यायचा असतो, म्हणजे साय, ताजं चीज आणि वाळवलेल्या दह्याचं आरूल. चहात साखर शोधू नये, त्यात मीठच असतं. नासदाणी पुढे केली तर उजव्या हाताने घ्यावी, तपकीर ओढत नसल्यास नुसती हुंगून परत करावी. खिशात घालू नये, ती भेट नव्हे. आरूल मात्र दगडासारखं असतं. ते दाढेखाली असेपर्यंत ‘नको’ म्हणता येत नाही, आणि यजमान त्या मौनाचा अर्थ लावायला मोकळा असतो.