सत्कृत्यांचं हजेरीपत्रक

वरून कागद आला की खाली काहीतरी उगवावंच लागतं. यंदा माणुसकी उगवायची होती. नववी-दहावीच्या मुलांत परोपकार आणि औदार्य वाढीस लागावं म्हणून उपक्रम राबवावा, अहवालासोबत फोटो जोडावेत, असा मजकूर होता. मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी गणिताचा. मोजायचं काही आलं की ते माझ्याकडे, मग ती खिचडी असो की माणुसकी.

आमची शाळा मोलगीची. मोलगी म्हणजे अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून आलं की लागणारं सातपुड्यातलं बाजाराचं गाव. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत आमचा अक्कलकुवा क्रमांक एक. 2012 च्या मानव विकास अहवालात आमचा नंदुरबार जिल्हा सगळ्यांत खाली. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही नंबर आम्ही ठेवून घेतले. मधले बाकीच्या महाराष्ट्राने आपसांत वाटून घ्यावेत. अशा गावात, मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीतरी द्यायला आलोय असं वाटतं. मीही पुण्याचाच.

मी एक जाड रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, सत्कृत्याचा प्रकार, लाभार्थी, शेरा. मुलांना पार्श्वभूमी कळावी म्हणून बेडन-पॉवेलची गोष्ट सांगितली. त्याने 1908 साली ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ लिहिलं, त्यात प्रत्येक स्काऊटने रोज एक तरी सत्कृत्य करावं असं सांगितलं, आणि विसरू नये म्हणून गळ्यातल्या रुमालाला गाठ मारून ठेवायची युक्तीही दिली. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, दिवसाला एकच?”

इथली मुलं मला ‘सर, तू’ म्हणतात. त्यांच्या बोलीत आदरार्थी बहुवचनाचा खटाटोप नाही. सुरुवातीला मला ते टोचायचं. आता सुट्टीत पुण्याला गेल्यावर कोणी ‘तुम्ही’ म्हटलं, की याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय अशी शंका येते.

आठवडा झाला तरी रजिस्टर कोरंच. मी चिडून विचारलं, कोणीच काही केलं नाही? सगळ्यांनी माना हलवल्या. नाही सर, काही नाही.

आता हे मी कसं मानावं? या वर्गात कंपास एक आहे. पेट्या बऱ्याच जणांकडे आहेत, पण त्यांत बोरं, करदोड्याचे तुकडे आणि तुटका कोनमापक सोडून काही सापडत नाही. तो एकुलता कंपास चाचणीच्या वेळी पहिल्या बाकावरून निघतो आणि तास संपेपर्यंत शेवटच्या बाकावर पोचतो. त्याचा स्क्रू ढिला झालाय. त्यामुळे मी 3.2 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ मागितलं की अख्खा वर्ग 3.5 चं देतो. जास्तीचे तीन मिलिमीटर कोणाच्या खाती टाकायचे, हे उत्तरपत्रिका तपासायच्या नियमांत कुठेच दिलेलं नाही.

मध्ये एक मुलगा दोन दिवस गैरहजर राहिला. विचारलं तर म्हणाला, “लाहला गेलो होतो.” एखाद्याला घर उभारायचं असेल, शेत निंदायचं असेल, तर तो निरोप धाडतो आणि घरटी एक माणूस कामाला येतो. मजुरी नाही, यजमानाने जेवण घालायचं आणि उद्या दुसऱ्याचा निरोप आला की आपण जायचं. सातपुड्यातल्या भिल्लांची ही जुनी रीत. मला आनंद झाला. म्हटलं, चल, रजिस्टरची बोहनी झाली. लिही: घर उभारण्यास मदत.

“ते कशाला?” तो म्हणाला. “ते आमच्याकडे आले होते ना.”

“म्हणजे हे सत्कृत्य नाही?”

“नाही सर. हे काम आहे.”

मी गणिताचा माणूस, तेव्हा हिशेब कोण ठेवतं असं विचारलं. कोणीच ठेवत नाही. पण कोण आलं नव्हतं ते सगळ्यांना आठवतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायचा विषय निघाला, तेव्हा बारा जणांची समिती नेमली, तिची इतिवृत्तं टंकलिखित झाली आणि टाकी शेवटी पावसाने धुतली. टाकीला झाकण नव्हतं म्हणून बरं.

मुख्याध्यापक जुन्या वळणाचे. म्हणाले, “साने गुरुजींचं बघा. 1924 ते 1930 अमळनेरला, म्हणजे आपल्याच खान्देशात होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. मुलं लाजून आपोआप सुधारली. स्वतः करून दाखवा.” सल्ल्याला खर्च नव्हता. दुसऱ्या दिवशी थंडीत कुडकुडत मी लवकर शाळा गाठली आणि वर्ग झाडायला घेतला. वसतिगृहातल्या दोन मुली आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि एकीने माझ्या हातातून झाडू काढून घेतला. “सर, तू राहू दे. तुला येत नाही.” लाजून सुधारायची जबाबदारी माझ्यावर पडली.

शेवटी मी बक्षीस जाहीर केलं. महिन्याअखेर ज्याच्या नावावर सर्वांत जास्त सत्कृत्यं, त्याला नवी कोरी कंपासपेटी.

आता रजिस्टर भरू लागलं. म्हातारीचं भगरीचं पोतं जीपच्या टपावर चढवलं. हरवलेली बकरी शोधून दिली. आजारी माणसाला दवाखान्यात नेलं. मी हरखून वाचत गेलो आणि तिसऱ्या पानावर थबकलो. सगळी सत्कृत्यं एकाच मुलाच्या नावावर होती. अक्षरं मात्र चौतीस तऱ्हांची. एकाच दुपारी त्याने मोलगीत पोतं उचललं, काठीला बकरी शोधली आणि डाबला कोणाच्या तरी आजीसाठी लाकडं फोडली. हा मुलगा म्हणजे त्या ढिल्या स्क्रूच्या कंपासाचा मालक.

मी वर्गाला विचारलं, हे काय आहे? एक मुलगी उभी राहिली. “त्याचा कंपास आम्हीच खराब केला ना, सर.”

बक्षीस देताना फोटो काढला. फोटोत पोरगा उघडी पेटी धरून उभा आहे, आणि तिच्यात कंपास नाही. फोटो निघेपर्यंत तो तिसऱ्या बाकावर गेला होता.

मुख्याध्यापकांनी अहवाल मागितला. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी चष्मा पुसून पानं उलटली. “एका विद्यार्थ्याची चौतीस सत्कृत्यं. छान. आणि बाकीच्यांची?”

“बाकीच्यांच्या नावावर एकही नाही, सर.”

ते गंभीर झाले. पेन उघडून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: उर्वरित विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग घ्यावेत.