ट्रायग्लिसराइडराव, आपले आभार कसे मानू?

श्रीयुत ट्रायग्लिसराइडराव,
मु. पो. माझे रक्त.

स. न. वि. वि.

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टात आपला २९५ हा आकडा ठळक टायपात छापून आलाय, शेजारी 'हाय' असा मानाचा शिक्काही आहे. हार्दिक अभिनंदन! १५० च्या आतले सज्जन, १९९ पर्यंतचे काठावरचे. आपण थेट बड्या मंडळींत जाऊन बसलात.

विनय मात्र आपल्याकडूनच शिकावा. जन्मभर शिव्या खाल्ल्या त्या कोलेस्टेरॉलने. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून आम्ही निर्धास्त. वनस्पती तेलात ते मुळातच नसतं आणि पिशवीत जवळजवळ सगळे आपणच असता, हे छापण्याची कुणालाही गरज वाटली नाही. आपणही कधी बोलला नाहीत.

तूप सोडलं म्हणून घरात माझं कोण कौतुक! आपली मात्र गैरसोय झाली नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, चहातली साखर, शनिवारचं मित्रांसोबतचं 'बसणं', यांतून उरेल त्याचं यकृत निमूटपणे आपल्यातच रूपांतर करत राहिलं. उपासालाही आपली पंगत चुकली नाही, याचा विशेष आनंद वाटतो.

गोतावळा सांभाळावा तर आपणच. रिपोर्टात व्हीएलडीएलही ठळक दिसलं, म्हटलं, आता हे आणखी काय? तर आपल्याच आकड्याला पाचाने भागून ५९ छापलेले! एलडीएलसुद्धा बऱ्याच लॅब प्रत्यक्ष मोजत नाहीत. फ्रीडवाल्ड साहेबांच्या १९७२ च्या सूत्राने एकूण कोलेस्टेरॉलातून एचडीएल आणि आपला पाचवा हिस्सा वजा करतात. आपण ४०० ओलांडलेत की त्या सूत्रालाही हात टेकावे लागतात.

आपलं दर्शन बारा तासांच्या उपाशीपोटी घ्यायचं, हे सोवळंही शोभून दिसतं. हल्ली जेवूनही रक्त दिलेलं चालतं म्हणे, पण आकडा फार फुगला तर पुन्हा उपाशीपोटी हजेरी लावावी लागतेच.

एकच हात जोडून विनंती. हजाराच्या घरात जाऊ नये. तिथे पोचलात की नळीतला सीरम दुधासारखा पांढरा दिसतो आणि स्वादुपिंडाला सूज आणण्याइतकी आपली ताकद वाढते. एवढ्या मोठ्या पाहुण्याची बडदास्त आम्हाला झेपायची नाही.

डॉक्टरांनी साखर आणि थायरॉइडही तपासायला सांगितलंय. त्यांच्यापैकी कुणी आपल्याला आसरा देत असेल तर कृपया नाव सांगून टाकावं. आणि हो, उद्यापासून संध्याकाळी चालायला निघतोय, आपणही सोबत यावं. परत एकट्याने येण्याची माझी तयारी आहे.

आपला,
यजमान