कार्बनचे रविवारचे वैरी

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलेलं दिसलं, की समजावं: कुणीतरी शनिवारी रात्री व्हिडिओ पाहिला आहे. आता इंजिनात साचलेल्या कार्बनची खैर नाही. शेजारी चहाचा कप आणि फुकटचा सल्ला घेऊन हजर होतात.

पहिला उपाय पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची बाटली ओतण्याचा. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत तो थोडाफार लागूही पडतो, कारण तिथे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि जाताजाता ती धुऊन काढतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तेवढी नेमाने तिथे बसते आणि जुन्या तव्यावरच्या तेलासारखी चिकटते. बाटलीतलं औषध तिथवर पोचणार कसं, हे विचारायचं नसतं. गॅरेजवाले ही खरवड काढायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. (घरच्या सुक्या मेव्याच्या डब्याला इथे काही काम नाही.)

दुसरे वीर चालू इंजिनात पाणी सोडतात. वाफेने थोडा कार्बन सुटतो, हे खरं. पाणी दाबलं जात नाही, हेही तितकंच खरं; जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

घरी जमण्याजोगं काम म्हणजे थ्रॉटल बॉडी. स्प्रे फडक्यावर मारायचा, काळी कड पुसायची. तिथेही उत्साही मंडळी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलून बघतात आणि आयडलिंग बिघडलं की पेट्रोलपंपाच्या नावाने खडे फोडतात.