नवा पाणबुड्या मंडळात घेताना

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे आणि समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला रस्त्यानं जवळजवळ तीनशे किलोमीटर तरी जावं लागतं. अशा गावात स्कूबा डाइव्हिंग करणाऱ्यांची मंडळं असावीत, याचं बाहेरच्यांना हसू येतं. त्यांच्याशी वाद घालू नये. पंढरपूर दाराशी असतं तर वारी निघाली असती का, एवढंच विचारावं आणि गप्प बसावं.

आमच्यासारख्या मंडळात नवा सभासद येतो तो बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा पश्चिम किनाऱ्याचं पाणी खवळलेलं, बोटी बंद, आणि जुने सभासद बोलण्यासाठी माणूस शोधत असतात. त्याला रविवारी सकाळी गांधी बझारच्या विद्यार्थी भवनात बोलवावं. डोसा हे निमित्त. खरं काम रांगेत होतं. नाव नोंदवून फुटपाथवर उभं राहिलेला भुकेला माणूस पळून जात नाही. तेवढ्या वेळात त्याला सांगावं की हे हॉटेल 1943 सालचं, आणि त्याच साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा सोडणाऱ्या यंत्राची चाचणी घेतली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरी तो असल्यासारखं सांगावं.

आत टेबल मिळालं की बसण्याचा क्रम ठरलेला असतो. पूर्वी सोयरिकीच्या बैठकीत गोत्र विचारत, तसं इथे ‘किती डाइव्ह झाल्या?’ असं विचारतात. ओपन वॉटर कोर्स केलेल्याला 18 मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्ड केलेल्याला 30 पर्यंत. तेव्हा पंख्याखालची जागा कोणाची, हे सांगायला नको. नव्यानं बहुधा तारकर्लीला किंवा मालवणला एकदा बुडी मारलेली असते. प्रशिक्षकानं त्याला मागून सिलिंडरला धरून, मांजरीनं पिल्लू न्यावं तसं फिरवलेलं असतं. त्याचा व्हिडिओ तो दाखवू लागेल. पाहावा. ‘मासे छान आले आहेत,’ असं म्हणावं. ही डाइव्ह मोजायची की नाही, हा निर्णय मात्र राखून ठेवावा. आमच्याकडे तो तीन वर्षं राखून ठेवलेला आहे.

मग भाषा सुधारून घ्यावी. नवा माणूस हमखास ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ म्हणतो. त्या क्षणी टेबलावर शांतता पसरली पाहिजे. सिलिंडरमध्ये साधी हवा असते, तुम्ही-आम्ही सिल्क बोर्डच्या सिग्नलला घेतो तीच, फक्त गाळून, कोरडी करून 200 बार दाबानं भरलेली. तीत 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. हे त्याला नीट पटवावं. पण त्याच्या आईचा फोन आला आणि तिनं ‘ऑक्सिजन पुरेल ना रे?’ असं विचारलं, तर त्यानं ‘हो आई’ एवढंच म्हणायचं. आयांना नायट्रोजन सांगू नये.

नवा जर योग करणारा असेल तर जास्त जपावं. मराठी माणसाला श्वास रोखण्याचं फार कौतुक. पोहण्याच्या तलावावर पहिल्याच दिवशी तो म्हणणार, मी सव्वा मिनिट कुंभक करतो. त्याला सांगावं की कुंभक घरी, गच्चीवर. 10 मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि छातीत जागा नसते. म्हणून श्वास सोडत राहायचं, सावकाश वर यायचं, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. या एका परिच्छेदात विनोद करायला आमच्या मंडळात बंदी आहे.

तलावाचंच बोलायचं तर एक गोष्ट नव्याला लगेच सांगू नये. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत 300 मीटरपेक्षा उंचावरचं पाणी म्हणजे ‘उंचावरची डाइव्ह’ मानतात. त्या हिशेबानं बंगळुरात चार फूट पाण्यात गुडघे टेकून बसणारा प्रत्येक जण हिमालयातल्या सरोवरात उतरणाऱ्याचा भाऊबंद ठरतो. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी लॉगबुकात तशा अकरा नोंदी केल्या आहेत. ते पंख्याखाली बसतात.

ऑक्टोबर उजाडला की मुरुडेश्वर. रात्रीच्या बसनं जवळजवळ 500 किलोमीटर. नव्याला मागची सीट द्यावी आणि ‘स्वल्प अडजस्ट माडी’ शिकवावं. कन्नडमधलं एवढं वाक्य आलं की बस, बोट आणि लॉजची खोली तिन्ही निभावतात. पहाटे 123 फुटी शंकराच्या पायाशी उतरायचं आणि बोटीनं नेत्राणी बेटाकडे निघायचं, सुमारे 19 किलोमीटर. इथे नव्याचं खरं स्वागत होतं, कारण त्याला बोट लागते. गोळी बोट सुटल्यावर नव्हे, सुटण्याआधी घ्यायची असते, ही माहिती त्याला बोट सुटल्यावर देण्याची आमच्यात प्रथा आहे. त्याला वाऱ्याच्या बाजूला वाकू देऊ नये. पाठीवर हात फिरवावा आणि ‘मासे येतील बघ’ म्हणून धीर द्यावा. खरंच येतात.

मास्कमध्ये थुंकायला लावणं हा पुढचा संस्कार. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून धुवायची असते. जन्मभर ‘येथे थुंकू नये’ वाचलेला माणूस इकडेतिकडे बघतो, पाठ फिरवतो आणि इतकं थोडं थुंकतो की पाण्यात गेल्यावर त्याला सगळं धुकंच दिसतं. त्यानं बाजारातून महागाचे लालभडक फिन आणले असतील तर तेही सांगून टाकावं: पाण्यात सगळ्यात आधी लाल रंगच जातो. खाली ते राखाडी दिसतील.

उलट, वस्तू मात्र तिथे सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात. हा प्रकाशाचा नियम आहे. मंडळात सांगितल्या जाणाऱ्या माशांपैकी तेवढा भाग प्रकाशाचा धरावा. उरलेली वाढ सभासदानं स्वतः कष्टानं मिळवलेली असते, तिचा अपमान करू नये.

राहता राहिल्या खुणा, आणि त्यातही अंगठा. जमिनीवर अंगठा वर केला की झकास. पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. झकास म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, भाजीला मीठ बरोबर पडलंय हे सांगताना आजी करते तसा. नवा हमखास चुकतो, म्हणून बोटीवर त्याच्याकडून दहा वेळा घोटून घ्यावं. शिवाय नियम पक्का सांगावा: जोडीदारानं अंगठा दाखवला की का, कशाला, विचारायचं नाही, आपणही अंगठा दाखवायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं.

हे सगळं मी गेल्या मोसमात एका चोवीस वर्षांच्या मुलाला शिकवलं. सातारचा, व्हाइटफील्डला नोकरी, मला काका म्हणायचा. (नव्याला ‘काका’ म्हणू देऊ नये, हे वर लिहायला हवं होतं.) नेत्राणीला तो माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार. दोरीला धरून उतरताना दर हातभर थांबून तो नाक दाबून कान मोकळे करत होता. मीच तसं बजावलं होतं, त्यामुळे मला घाई करता येईना. आठ मीटरवर पोचलो आणि खडकाच्या कडेनं एक कासव आलं. कसलीही लगबग नाही; पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे मारत ते आमच्यासमोरून गेलं, इतक्या जवळून की मानेवरच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या. मी त्याच्याकडे वळलो, आणि माझा अंगठा वर गेला.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं शिस्तीत अंगठा दाखवला, माझा दंड धरला आणि मला वर आणलं. सावकाश, श्वास सोडत, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबवून. तेवढ्या वेळात कासव दोनदा परत आलं. मी बोटांचा गोल करकरून दाखवत होतो. त्याला वाटलं, माझं धैर्य खचू नये म्हणून मी तसं करतोय.

पाण्यावर आल्यावर त्यानं जाकिटात हवा भरली, तोंडातून रेग्युलेटर काढला आणि गंभीरपणे विचारलं, ‘काका, काय होतंय?’

‘कान,’ मी म्हणालो.

लॉगबुकात तशीच नोंद आहे: खोली 8 मीटर, कान. बडीची सही त्याचीच आहे.

या जूनमध्ये मंडळात एक नवी मुलगी आली. विद्यार्थी भवनासमोरच्या रांगेत तो तिला अंगठ्याचा नियम समजावून देत होता, उदाहरणासकट. ‘काकांच्या कानाला तेव्हा फारच त्रास झाला होता.’ तिनं वळून मला विचारलं, आता बरा आहे का कान. मी डावा कान धरून हो म्हणालो. तो म्हणाला, ‘उजवा होता ना, काका?’

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.